यंत्रांतील सूत्रधार

हिंवाळा जवळ आला म्हणजे घरोघरच्या कपाटांतून व ट्रंकांतून लोंकरीचे कपडे बाहेर निघतात. डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हांत घालवून ते एकदां अंगावर चढले, कीं त्यांचा अधिक विचार कोणी करीत नाहीं. आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळजणी स्वतः दोन सुयांवर विणीत असतील. ज्या विणीत नसतील त्यांनीं निदान आईस किंवा आजीस विणतांना पाहिलें असेल. परंतु बाजारांतून आणलेला स्वेटर ज्या यंत्रावर विणला जातो, तें यंत्र पाहण्याचा योग फार थोड्यांस येतो. आणि ज्यांस येतो त्यांचेंही लक्ष सुयांच्या चकचकीत रांगेवरच खिळून राहतें. त्या सुयांच्या तोंडाशीं धागा आणून देणारें जें एक लहानसें अवजार यंत्राच्या माथ्यावरून इकडून तिकडे धांवत असतें, त्याकडे कोणी पाहत नाहीं. आजचा आमचा विषय तेंच अवजार व त्याच्या मागें असलेला धाग्याचा सगळा मार्ग हा आहे.

ज्यानें आयुष्यभर मुलांकडून रूपें व संधि घोकून घेतले, त्यास यंत्राविषयीं लिहिण्याचा अधिकार कोणता, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, वयाच्या अकराव्या वर्षीं आम्हीं स्वतः कांहीं दिवस त्या अवजाराची चाकरी केली आहे. ती हकीकत प्रथम सांगून टाकतों.

१९७१ सालची गोष्ट. आमच्या मावशीचे यजमान आदल्या वर्षीं वारले होते. पदरीं दोन मुलें, आणि मिळकत म्हणावी तर कांहीं नाहीं. पुण्यास सदाशिव पेठेंत आमचें बिऱ्हाड ज्या वाड्यांत होतें, तेथेंच दोन खोल्या घेऊन ती राहूं लागली. शिवणकाम करणाऱ्या बायका वाड्यांत आधींच तीन होत्या. म्हणून तिनें हातांतल्या पाटल्या मोडल्या आणि विणकामाचें एक वापरलेलें यंत्र विकत घेतलें. टेबलाच्या कडेस आवळून बसवावयाचें, सुयांची एकच लांब रांग असलेलें, आणि जिला कॅरेज म्हणतात ती पेटी हातानें त्या रांगेवरून सरकवीत एकेक ओळ विणावयाचें, असें तें साधें सपाट यंत्र होतें. एका कापडवाल्यामार्फत तिला शाळेच्या गणवेशाचे चाळीस स्वेटर विणण्याचें काम मिळालें. माल दिवाळीनंतर द्यावयाचा होता.

नमुन्यादाखल पहिले पांच स्वेटर गेले, आणि पांचही परत आले. मधला भाग सुरेख. पण दोन्ही कांठांचे टांके सैल, कोठें लोंबत असलेले, आणि दोन ठिकाणीं तर कांठाजवळचा टांका सुटून खालपर्यंत शिडी पडलेली. ज्यानें यंत्र विकलें त्याच्याकडे मावशी गेली. तो यंत्र पाहावयास देखील आला नाहीं. "यंत्र उत्तम आहे, बाई, तुमचा हात अजून बसलेला नाहीं," एवढें बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या रात्रीं मावशी जेवली नाहीं. पाटल्या तर गेल्याच होत्या. आतां कामही जाण्याच्या बेतांत होतें, आणि वर दोष तिच्याच हाताचा!

दुसऱ्या दिवशीं शाळेंतून आल्यावर आम्ही सहज यंत्राजवळ जाऊन उभे राहिलों. लोंकरीचा गुंडा जमिनीवर पडलेला होता. तेथून धागा यंत्रामागच्या उभ्या दांड्यावर चढे, दोन लहान चकत्यांच्या चिमटींतून जाई, पुढें आलेल्या एका लांब तारेच्या टोकांतून ओवला जाऊन खालीं कॅरेजमध्यें उतरे. कॅरेज कांठापलीकडे जाऊन परत फिरली, कीं त्या क्षणीं धागा एकदम ढिला पडे. आम्हीं खेळ म्हणून तो ढिला धागा बोटानें वर उचलून धरला. ती ओळ स्वच्छ उतरली. पुन्हां उचलला, पुन्हां स्वच्छ. मावशीनें हात थांबविला, आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाली, "बाळ, आतां काय केलेंस तें पुन्हां एकदां कर बघूं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळीं परवचा म्हणत आम्ही यंत्रापाशीं उभे राहूं लागलों. कॅरेज फिरली कीं बोट वर, कॅरेज पुढें निघाली कीं बोट खालीं. असें आठ-दहा दिवस चाललें असेल. खालच्या मजल्यावर एक वृद्ध घड्याळजी राहत असत. ते एकदां कांहीं कामानें वर आले आणि हा प्रकार पाहून हंसले. "वहिनी, पोराला खुंटीसारखें किती दिवस उभें करणार? ह्या तारेंतला जीव गेला आहे. तार वर उचलीत नाहीं, म्हणून ह्याला उचलावें लागतें." असें म्हणून ते घरीं गेले आणि मोडक्या छत्रीची एक काडी घेऊन आले. तिचें टोक तापवून वाकवून त्यांनीं नेढें केलें आणि जुन्या तारेच्या जागीं ती काडी बसवून दिली. आमची चाकरी सुटली. परत आलेले पांच स्वेटर उसवून पुन्हां विणले गेले, चाळीसही वेळेवर पोंचले, आणि पुढच्या वर्षींचें काम कापडवाल्यानें होऊन दिलें. त्या यंत्रावर मावशीनें दोन्ही मुलांचीं शिक्षणें केलीं.

छत्रीच्या काडीनें नेमकें काय केलें, हें आम्हांस पुढें पुष्कळ वर्षांनीं, ह्या विषयावरील वाचन केल्यावर, समजलें. तें समजण्यास आधीं टांका कसा होतो तें पाहिलें पाहिजे.

यंत्राची सुई ही हातविणकामाच्या सुईसारखी सरळ काडी नव्हे. तिच्या टोकास आंकडा असतो आणि आंकड्याच्या खालीं एक इवलीशी खिटी, दाराच्या कडीसारखी वर-खालीं पडणारी. सुईच्या आंकड्यांत जुना फांसा अडकलेला असतो. सुई पुढें सरकली कीं तो फांसा खिटीस उघडून तिच्या मागें दांड्यावर जातो. आतां आंकडा मोकळा झाला. ह्याच क्षणीं त्याच्यासमोर नवा धागा आला पाहिजे. सुई मागें येऊं लागली कीं धागा आंकड्यांत सांपडतो, जुना फांसा खिटीस ढकलून आंकडा बंद करितो आणि स्वतः त्यावरून सरकून पलीकडे पडतो. नवा धागा त्याच्यामधून ओढला जाऊन नवा फांसा होतो. झाला एक टांका. एका ओळींत असे शेंकडों टांके एकामागून एक पडत जातात.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं, ह्यांत सुईस विचार करावयाचा नाहींच. नवा धागा समोर असो वा नसो, ती ठरल्याप्रमाणें मागें येणार आणि जुना फांसा टाकून देणार. धागा हजर असेल तर टांका, नसेल तर भोंक! म्हणजे कापडाची अब्रू सुईच्या हातीं नसून धागा आणून देणाराच्या हातीं असते. संस्कृत नाटकांत सूत्रधार नांवाचें पात्र असतें. कळसूत्री बाहुल्यांचीं सूत्रें धरणारा तो सूत्रधार, असें कोणी म्हणतात; मापाची दोरी धरणारा कारागीर तो सूत्रधार, असें दुसरे म्हणतात. दोहोंत आमची बुद्धि थोडी. परंतु सूत्र धरून तें योग्य वेळीं योग्य जागीं पोंचविणारा, ह्या अक्षरशः अर्थानें पाहिलें तर विणकामयंत्रांतील हा धागा-वाहकच खरा सूत्रधार होय. नाटकांतल्याप्रमाणें येथेंही टाळ्या मात्र इतर पात्रांसच मिळतात.

विणकामयंत्राचा इतिहास इंग्लंडांतील नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गांवीं सुरू होतो. तेथील विल्यम ली ह्यानें १५८९ सालीं मोजे विणण्याचा पहिला सांचा तयार केला. तो धर्मोपदेशक होता अशी परंपरा आहे. हातविणकामावर पोट भरणाऱ्या गरिबांचें काय होईल, ह्या काळजीनें राणी एलिझाबेथनें त्यास सनद नाकारली, अशीही आख्यायिका सांगतात. पुढें तो फ्रान्सांत गेला आणि तेथेंच त्याचा अंत झाला. त्याच्या सांच्यांत एका वेळीं सबंध ओळीचे फांसे घडविण्याची अपूर्व युक्ति होती. परंतु धागा सुयांवरून आडवा टाकण्याचें काम मात्र विणकरासच हातानें करावें लागे. सुया, आंकडे, फांसे दाबणाऱ्या पट्ट्या, सारें यंत्राचें. धागा मात्र माणसाच्या बोटांत. बोटांस ताण कळतो, कांठ कळतो, कोठें थांबावें हें कळतें. हें ज्ञान लोखंडास कसें शिकवावें, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

तीन शतकांच्या आंत त्यास उत्तरें मिळूं लागलीं. लेस्टर येथील मॅथ्यू टाउन्सेंड ह्यानें १८४७ च्या सुमारास वर वर्णिलेली खिटीची सुई काढली. १८६३ सालीं अमेरिकेंतील आयझॅक लॅम्ब ह्यानें ती सुई वापरून सपाट यंत्राचें पेटंट घेतलें. गंमत अशी कीं, तोही धर्मोपदेशकच होता. सुयांच्या दोन रांगा घराच्या छपराच्या दोन पाख्यांप्रमाणें एकमेकींस टेकलेल्या, आणि वरून कॅरेज मागें-पुढें जाणारी, ही जी सपाट यंत्राची ठेवण आज सर्वत्र दिसते, ती त्याच कुळांतली. हे हक्क स्वित्झर्लंडांतील कूव्हे गांवच्या एदुआर द्युबिये ह्यानें १८६७ सालीं घेतले. जर्मनींत हाइन्‌रिख स्टॉल ह्यानें १८७३ सालीं कारखाना काढला. त्याच सुमारास, १८६४ त, इंग्लंडांत लफबरो येथील विल्यम कॉटन ह्यानें जुन्या पद्धतीच्या सुईवर चालणारें, अंगाच्या मापाप्रमाणें कापड अरुंद-रुंद करीत विणणारें मोठें यंत्र सिद्ध केलें.

ह्या सर्वांपुढें धाग्याच्या बाबतींत चार अडचणी उभ्या होत्या. पहिली जागेची. वाहकाचें तोंड सुयांच्या अगदीं निकट हवें, पण लागतां कामा नये. तें वर राहिलें तर आंकडे धाग्यास मुकतात. खालीं आलें तर उघडणाऱ्या खिट्या त्यावर आपटून वांकतात. दोन रांगांच्या यंत्रांत तें बरोबर मध्यावर हवें, नाहीं तर एका बाजूची रांग उपाशी राहते. शिवाय सुई पुढें सरकून मोकळी झाल्यानंतर, पण मागें वळण्यापूर्वीं, धागा पोंचला पाहिजे. कॅरेज उजवीकडे जातांना ज्या जागीं वाहक असावयास हवा, तीच जागा डावीकडे जातांना चुकीची ठरते. म्हणून वाहकास कॅरेजशीं घट्ट न जखडतां थोडी मोकळीक ठेवीत. दिशा बदलली कीं तो तेवढा मागें राहून आपोआप योग्य जागीं येई. उघड्या खिट्या पुन्हां मिटूं नयेत म्हणून कॅरेजला लहान कुंचले बसविले गेले. हें काम एका केसाच्या अंतराचें, पण सगळें यंत्र त्यावर तोललेलें.

दुसरी अडचण थांबण्याची. कापडाच्या कांठाशीं वाहकानें थांबलें पाहिजे. पण कॅरेजला तर शेवटच्या सुईचें काम पुरें करण्यासाठीं पुढें जाणें भाग असतें. ह्यावर युक्ति अशी निघाली कीं, वाहकास त्याच्या स्वतःच्या रुळावर ठेवावें, कॅरेजवरील एका खिळीनें त्यास ओढीत न्यावें, आणि कांठाच्या जरा पलीकडे एक ठोकळा असा बसवावा कीं खिळी त्यावर चढून वाहकास सोडून देईल. परतीच्या फेरींत खिळी पुन्हां खालीं पडते आणि वाहक पुन्हां निघतो. कॉटनच्या यंत्रांत हेंच काम घर्षणानें साधलें होतें: अडसर लागला कीं वाहक थांबे, आणि त्यास ओढणारी पेटी घसरून पुढें जाई, स्वेटरचा हात किंवा मोजाची टांच अरुंद होत गेली कीं स्क्रूच्या साहाय्यानें अडसरही आंत आंत सरकत. परंतु हाताच्या सपाट यंत्रावर हे ठोकळे विणकरासच हलवावे लागत; एक हलवावयाचा राहिला कीं कांठावर लोंबणारा धागा आलाच. शिवाय वेगानें येऊन थडकलेला वाहक उसळी घेई, आणि त्या उसळीचा सैलपणा कापडांत उतरे. त्यासाठीं मऊ अडसर आणि लगाम आले.

तिसरी अडचण ताणाची, आणि हीच आमच्या मावशीची अडचण. समजा, धागा यंत्राच्या डाव्या टोंकाकडून येतो, आणि एक ओळ विणण्यास कापडाच्या रुंदीच्या तिप्पट धागा लागतो. वाहक उजवीकडे जातांना टांक्यांस लागणारे तीन भाग आणि स्वतः जितका दूर गेला तो एक भाग, असे चार भाग ओढून घेतो. परत येतांना त्याच्या मागचा तो एक भाग मोकळा होतो. तो टांक्यांतच खपतो, म्हणून गुंड्यावरून नवे दोनच भाग ओढले जातात. म्हणजे जातांना धागा दुप्पट वेगानें धांवतो, येतांना निम्म्यानें. वेग बदलला कीं ताण बदलतो, आणि ताण बदलला कीं टांक्याचें माप बदलतें. वळणाच्या जागीं तर आणखी कठीण. कांठापलीकडे गेलेलें धाग्याचें तोंड परत कांठापर्यंत येतें, तोंवर एकही टांका पडत नाहीं. तेवढा धागा फुकट ढिला होतो. तो कोणी उचलून धरला नाहीं, तर पहिले दोन-चार टांके सैल पडतात, किंवा धाग्यास पीळ बसून सुई त्यास मुकते.

हा ढिला धागा उचलून धरणारी लवचीक तार, हा ह्या अडचणीवरचा सर्वांत जुना व सर्वांत साधा उपाय. ताण असला तर ती वांकते, ताण गेला तर ती उठते आणि तेवढा धागा आपल्याकडे ओढून घेते. मावशीच्या यंत्राची तार उठेनाशी झाली होती. तिच्या जागीं आधीं आमचें बोट आलें, मग छत्रीची काडी. चकत्यांची चिमटी धाग्यास रोखते, तार त्यास उचलते. एक सासू, एक आजी म्हणा ना. दोघींचें पटलें तर धागा सुखानें नांदतो.

चौथी अडचण अनेक धाग्यांची. वाहक ज्या टोंकास सोडला तेथेंच पडून राहतो. दुसऱ्या रंगाचा वाहक उचलावयाचा तर कॅरेज त्याच्याकडे गेली पाहिजे. म्हणूनच जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या यंत्रविणीच्या स्वेटरांत पट्टा बहुधा सम ओळींचा असतो, दोन, चार, सहा. वाचकांनीं घरचा एखादा जुना स्वेटर काढून ओळी मोजून पाहाव्या. पण एकाच ओळींत मध्येंच दुसऱ्या रंगाचें फूल काढावयाचें, आणि मागल्या बाजूस धागे लोंबूं द्यावयाचे नाहींत, तर प्रत्येक रंगास स्वतंत्र वाहक हवा, आणि तो कापडाच्या मध्यावरच थांबला पाहिजे. तेथें थांबलेला वाहक शेजारच्या रंगाच्या सुयांच्या वाटेंत येतो. पूर्वीं हाताच्या यंत्रांवर असें काम करितांना विणकर सुयांवर धागा हातानेंच टाकीत. म्हणजे लीच्या वेळचें बोट पुन्हां कामास लागे. पुढें थांबल्यावर बाजूस कलणारे वाहक निघाले, तेव्हां ती वाट मोकळी झाली.

गेल्या पन्नास वर्षांत ह्या चारही अडचणींवर संगणकाचा हात फिरला. वाहकास कोठें उचलावें व कोठें सोडावें, हें आतां ठोकळे न सांगतां विजेचे लोहचुंबक सांगतात. प्रत्येक ओळीस कांठ बदलला तरी कोणास यंत्राजवळ जावें लागत नाहीं. जपानांत वाकायामा येथें मासाहिरो शिमा ह्यांनीं १९६२ सालीं स्थापिलेल्या शिमा सेकी कंपनीनें हातमोज्यांच्या यंत्रांपासून आरंभ करून १९९५ सालीं मिलान येथील प्रदर्शनांत सबंध स्वेटर एकसंध, शिवण न घालतां विणणारें यंत्र मांडलें. त्यांत धड आणि दोन बाह्या अशा तीन नळ्या एकाच वेळीं तीन वेगवेगळ्या वाहकांकडून विणल्या जातात आणि बगलेशीं येऊन एक होतात. तीन नळ्यांच्या टांक्यांचें माप जुळलें नाहीं तर एक बाही लांब, एक आंखूड! म्हणून त्याच कंपनीनें धाग्याची ओढ चाकावर मोजून, कमी-अधिक आढळल्यास त्याच क्षणीं दुरुस्त करणारी रचना केली. तींत टांक्याचा फरक शंभरांत एकाच्या आंत राखतां येतो. जर्मनींतील स्टॉल कंपनीच्या अलीकडील एका जातीच्या यंत्रांत तर प्रत्येक वाहकास स्वतःची मोटार आहे. तो कॅरेजची वाट न पाहतां आडवा धांवतो आणि हवें तेव्हां वर-खालींही होतो. जो चारशें वर्षें दुसऱ्याच्या मागें फरफटत होता, तो आतां आपल्या पायांनीं चालूं लागला. २०१२ सालापासून धांवण्याच्या बुटांचे वरचे भागही अशा सपाट यंत्रांवर विणले जाऊं लागले, तें ह्याच प्रगतीचें फळ. स्वेटरचा टांका थोडा सैल चालेल. बुटाचा चालत नाहीं.

हीं नवीं यंत्रें प्रत्यक्ष पाहण्याचा योग आम्हांस २०१९ सालीं आला. आमचा एक जुना विद्यार्थी पंजाबांत लुधियान्यास स्वेटरच्या एका कारखान्यांत अधिकारी आहे. तें शहर लोंकरी कपड्यांसाठीं प्रसिद्ध. तेथें हातानें कॅरेज ओढण्याचीं सपाट यंत्रें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं, आणि आतां त्यांच्या शेजारीं संगणकाचीं यंत्रें उभीं आहेत. विद्यार्थ्यानें मोठ्या उत्साहानें पडदा दाखविला, बटणें दाखविलीं, एका बाजूनें धागा आंत जाऊन दुसऱ्या बाजूनें तयार पाठ-पोट कसें बाहेर येतें तें दाखविलें. आमचें लक्ष मात्र यंत्राच्या माथ्यावर गेलें. तेथें कोनांवरून निघालेले धागे एकेका चिमटींतून जात होते, आणि प्रत्येकापुढें एक बारीक, वांकलेली लवचीक तार होती. वाहक वळला कीं तार उठे, पुढें निघाला कीं तार वांके. त्याच तारेस धागा तुटल्याची वर्दी देण्याचें कामही जोडलेलें होतें. धागा तुटला कीं ती पुरी उठते आणि यंत्र जागच्या जागीं थांबतें. "सर, एवढें काय पाहतां?" असें विद्यार्थ्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "छत्रीची काडी." तो बिचारा कांहीं समजला नाहीं.

ज्या भगिनींच्या घरीं आजही हाताचें विणकामयंत्र आहे, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवतों. गुंडा जमिनीवर लोळत ठेवूं नये. लोंकर कोनावर सैलसर गुंडाळून घ्यावी आणि कोन दांड्याच्या बरोबर खालीं उभा ठेवावा, म्हणजे धागा वरून सुखानें सुटतो. खरखरीत धाग्यास मेणबत्तीचें मेण पुसून घ्यावें. चकत्यांमध्यें लोंकरीचा केर सांचतो. तो आठवड्यास काढावा, नाहीं तर चिमटी अर्धवट उघडी राहून ताण कमी होतो. कांठ सैल पडूं लागले तर आधीं तारेकडे पाहावें, मग सुयांकडे, आणि अगदीं शेवटीं स्वतःच्या हातास दोष द्यावा.

हा शेवटचा क्रम आम्हांस शिकावयास फार वर्षें लागलीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. शिक्षकाच्या धंद्यांत असतांना आमच्या वर्गांत एक मुलगा होता. फळ्यावर लिहिलेलीं रूपें तो नेहमीं चुकीचीं उतरी. "तुझें लक्ष नाहीं," असें आम्ही त्यास वर्षभर बजावीत होतों. एकदां सर्वांदेखत उभेंही केलें. पुढें समजलें कीं, त्याची दृष्टि अधू होती आणि मागच्या बांकावरून त्यास फळाच दिसत नव्हता. पुढच्या बांकावर बसविल्यावर त्याचीं रूपें चुकेनाशीं झालीं. त्या दिवशीं आम्हांस त्या यंत्र विकणाराचे शब्द आठवले. "तुमचा हात बसलेला नाहीं," हें जें त्यानें मावशीस म्हटलें, त्याहून आम्ही निराळें काय म्हटलें होतें? धागा सुईपर्यंत पोंचतच नव्हता, आणि आम्ही सुईस बोल लावीत होतों.

टांका सुटला म्हणजे सुई दिसते, विणणाराचा हात दिसतो, कापडास पडलेलें भोंक दिसतें. धाग्याची वाट तेवढी दिसत नाहीं. चारशें वर्षें एवढ्या बुद्धिमान् माणसांनीं ती वाट नीट करण्यांत घालविलीं, हें लक्षांत ठेविलें तर घरांत, शाळेंत व कारखान्यांत पुष्कळ निरपराधी हातांवरील आरोप टळतील. मावशी आज हयात नाहीं. तें यंत्रही केव्हांच मोडींत गेलें. ती छत्रीची काडी मात्र तिच्या धाकट्या मुलानें जपून ठेविली आहे. तिच्या टोंकाचें नेढें धाग्यानें घासून घासून आरशासारखें गुळगुळीत झालें आहे.